शेवटच्या डब्याची पाटी

आई,

मी घरात फाटक बांधलं आहे. मुलुंडच्या आमच्या घरात, मागच्या खोलीत, तुझा नातू अभ्यासाच्या नावाखाली जिथे झोपा काढायचा तिथे. आपलंच रेल्वेचं फाटक आहे, भांडुपच्या अलीकडचं, फळीवर मावेल एवढं. शेजारी आपलं क्वार्टर, तुझी ती फाटकवालीची पत्र्याच्या छपराची गुमटी, नळ, शेवग्याचं झाड, सगळं आहे. रूळ आहेत आणि रुळांवरून गाडी फिरते. तू पाहिलं असतंस तर कमरेवर हात ठेवून म्हणाली असतीस, "कामधंदा नाय का गं तुला?" कामधंदा होता. पण खरं सांगायचं तर तुझं एक वाक्य माझ्याकडे अर्धं पडून आहे. "त्या दिवशी तू शेवग्याखाली उभी होतीस ना, तवा मी..." एवढं बोललीस आणि थांबलीस, ती कायमची. तू गेलीस तेव्हा तुझा नातू दुसरीत होता, आता त्याच्या दाढीत एखाददुसरा पांढरा केस दिसतो, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून हललेलं नाही. मला वाटलं, झाड उभं केलं, त्याखाली मला उभं केलं, रुळांशी तुला उभं केलं, की पुढचं कळेल. वेडेपणा म्हण हवं तर.

तू गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी एक साथ आली. सगळ्या जगात आली. लोकांना घरात बसवलं, दुकानं बंद केली, आणि हे तुला अजिबात पटणार नाही, गाड्या बंद केल्या. पुरात गाड्या थांबलेल्या तू पाहिल्या होत्यास, संपातही पाहिल्या होत्यास, पण पाणी उतरलं की तू झेंडा झटकून परत तयार. यावेळी एखाददुसरी मालगाडी सोडली तर आठवडेच्या आठवडे रूळ नुसते पडून होते. आमच्या इमारतीपासून रूळ तसे लांब आहेत, मधे बाजार आहे, शाळा आहे. एरवी गाडीचा आवाज येतो हे माझ्या लक्षातही नसायचं. तो बंद झाला आणि मला काहीतरी विसरल्यासारखं वाटायला लागलं. गॅस चालू राहिला का, नळ उघडा राहिला का, असं बघत मी दिवसभर घरभर फिरायची. नवरा म्हणाला, "अगं, बस ना जरा एका जागी. काय हरवलंय तुझं?" शेवटी मानखुर्दला आपल्या धाकट्याला फोन लावला. तो पालिकेच्या पाणीखात्यात आहे, त्यामुळे साथ असो नसो, रोज बाहेर. तो म्हणाला, "ताई, तुला पण होतंय? मला वाटलं, माझ्या कानांचीच वाट लागली."

आपल्याला सवयच तशी होती ना. क्वार्टर रुळांना इतकं लागून, की गाडी आली की शेजारी बसलेल्याचंही ऐकू यायचं नाही. म्हणून आपण तिघं वाक्याच्या मधेच थांबायचो आणि गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचो. "आज डाळीत..." मालगाडी. ती सावकाश जायची. मग, "...मीठ जास्त पडलंय." ओरडून बोललेलं तुला खपायचं नाही. "गाडीशी कशाला भांडायलीस? तिला जाऊ दे, मग बोल," म्हणायचीस. फडताळावरची भांडी थरथरायची म्हणून तू त्यांच्याखाली जुन्या लुगड्याची घडी घातली होतीस. चुलीपुढे बसलेली असायचीस, हात भाकरी थापत राहायचे आणि तोंड तेवढं थांबायचं. पुढे माझं लग्न झालं तेव्हा नवऱ्याला वाटायचं, ही रुसून गप्प होते. शेजारणीचा मिक्सर लागला तरी मी वाक्य अर्धं टाकून बसायची. तो बिचारा घाबरून विचारायचा, "काय झालं? बोल ना." मिक्सर थांबला की मी शांतपणे म्हणायची, "...आणि कोथिंबीर पण आण." त्याच्या माहेरी, म्हणजे माझ्या सासरी, सगळे एकाच वेळी बोलणारे. त्यांना मी घुमी वाटले यात त्यांचा काही दोष नाही.

तर त्या रिकाम्या शांततेत एका दुपारी मी माळ्यावर चढले आणि तुझा खोका काढला. आठवतो का? निवृत्त झालीस तेव्हा कुणाला न सांगता घाटकोपरला जाऊन तू नातवासाठी विजेवर चालणारी छोटी रेल्वे आणली होतीस. इंजिन, चार डबे, गोल जोडायचे रूळ. त्याला हवी होती रिमोटची मोटार, त्याने तोंड पाडलं. तू मात्र फरशीवर बसून एकेक तुकडा जोडलास, बटण दाबलंस, आणि गाडी तुझ्यासमोर आली तशी उठून उभी राहिलीस. ताठ, गाडीकडे तोंड करून, हातात भांडी पुसायचं फडकं. आम्ही सगळे हसून हसून बेजार. तू हसली नाहीस. खाली वाकून गाडीचा मागचा भाग निरखलास आणि विचारलंस, "ह्याच्या शेवटच्या डब्याला पाटी कुठंय?" नातू म्हणाला, "कसली पाटी, आजी?" तू म्हणालीस, "एल व्हीची. हाच शेवटचा डबा, असं सांगणारी. मधेच एखादा डबा सुटून मागं राहिला असंल तर? पाटी दिसल्याबिगर गाडी गेली म्हणायचं नाय." मग त्याने आपली लाकडी मोटार रुळांपलीकडे न्यायला घेतली तर तू हात आडवा घातलास. "फाटक बंद हाय. गाडी पुरी गेली का नाय, मला कळंना." तो रडत माझ्याकडे आला, "आई, आजी चीटिंग करते!"

तेव्हा मला त्याचीच कीव आली होती. पण तुला मी अडवलं नाही, कारण मला ते लहानपणापासून पाठ होतं. इतर मुलं ए बी सी डी शिकली, मी इंग्रजीतली पहिली अक्षरं शिकले ती एल आणि व्ही. बाबा रुळांवर गँगमन होते. ते आजाराने गेले, त्यांच्या जागी तुला नोकरी मिळाली, आणि काही दिवस स्टेशनात झाडलोट केल्यावर तुला फाटक दिलं. बाईच्या हाती फाटक, म्हणून येणारे जाणारे मान वळवून बघायचे. मराठवाड्यातून आलेली तू, रेल्वे पहिल्यांदा पाहिलीस ती लग्नानंतर, आणि आता रेल्वेसाठी सगळ्या रस्त्याला थांबवायचीस. स्टेशनातून फोन वाजला की चरखी फिरवून फाटक खाली, कुलूप, मग झेंडा घेऊन रुळांशी. आम्हाला तुझा हुकूम होता, फोन वाजला की दोघांनी शेवग्याखाली जाऊन उभं राहायचं आणि पाटी जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. एकदा, फाटक नवीनच मिळालं होतं तुला, धाकट्याच्या पायात खिळा घुसला आणि गाडी चालू असताना मी "आई, आई" म्हणून किंचाळले. तू वळली नाहीस. शेवटचा डबा गेला, तू झेंडा गुंडाळलास, फाटक उघडलंस, स्टेशनला फोन केलास आणि मग आलीस. त्याचा पाय धुतलास, हळद भरलीस, आणि नंतर माझ्या पाठीत एक धपाटा घातलास. "गाडी चालू असताना मला हाक मारायची नाय. माझं ध्यान हललं तर कुणाचं तरी लेकरू जाईल." त्यानंतर मी कधी हाक मारली नाही. तू वळून "हं, बोल" म्हणेपर्यंत थांबायची. हे दोन शब्द मी जन्मात जितके वेळा ऐकले तितकं माझं नावही ऐकलं नसेल.

बांधायला काही मिळत नव्हतं, दुकानं बंद. जुन्या कपाटाची मागची फळी काढली आणि ती दोन टेबलांवर टाकली. फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलच्या भिंती, काड्यापेटीतल्या काड्यांचे स्लीपर, शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून गुमटीचं छप्पर. चहाचा चोथा वाळवून माती केली, ती इतकी हुबेहूब जमली की मी तिचा वास घेत बसले, आणि वास मात्र चहाचाच आला. रुळांखालच्या खडीसाठी रवा रंगवून घातला. नवरा बघतच राहिला. "अगं, बाजारात रवा मिळत नाहीये, आणि तू तो रुळांखाली घालतेस?" मी म्हटलं, तुला उपमा आवडत नाही ना, मग झालं तर. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मुंग्यांची रांग, थेट भिंतीपासून रुळांमधून आपल्या क्वार्टरच्या दारापर्यंत. नवरा खूश होऊन म्हणाला, "झकास! पहिली गाडी आली बघ." सगळा रवा खरवडून काढला आणि मग गच्चीवरच्या कुंड्यांतली खडी कुटून, चहाच्या गाळण्याने गाळून घातली. इंटरनेटवर परदेशातले म्हातारे डोंगर, बोगदे, बर्फ असलं काय काय बांधताना दिसायचे. मला त्यातलं काहीच नको होतं. मला फाटकाच्या खांबावरची लाल पांढरी पट्टी सरळ यायला हवी होती आणि नळाखालचं शेवाळ हिरवं दिसायला हवं होतं.

रोज दुपारी जेवण झालं की मी धाकट्याला फोटो पाठवायची आणि तो पाईपलाईनवरच्या कामातून सवड मिळाली की चुका काढायचा. क्वार्टरचं दार डावीकडे उघडायचं, उजवीकडे नाही. दोरी खिडकीपासून नळापर्यंत होती, तिच्यावर तुझी पांढरी पातळं वाळत असायची. मी हे सगळं केलं. पण शेवगा लावला आणि त्याचा लगेच फोन आला. "ताई, शेवगा नळाजवळ कुठे लावलायस? तो गुमटीच्या मागे होता ना!"

मी म्हटलं, "नळाजवळच होता. आई रुळांकडे तोंड करून उभी राहिली की मी तिला डाव्या बाजूला दिसायची."

"अगं, तुला काय दिसायची! मी त्या झाडावरून पडलो तो थेट गुमटीच्या पत्र्यावर. नळाजवळच्या झाडावरून पत्र्यावर पडायला मी काय उडत गेलो?"

मी भांडले, मग फोन ठेवून डोळे मिटून बसले, आणि पटलं. पत्र्यावर शेवग्याची पानं पडलेली असायची, तू ती खराट्याने ओढायचीस. झाड मागेच होतं. गुमटीच्या मागे, जरा बाजूला, म्हणजे तू झेंडा घेऊन उभी राहायचीस त्या जागेच्या बरोबर पाठीशी. मी झाड उपटलं. एवढंसं काथ्याचं झाड उपटताना मला समजलं की आम्ही तुला कधीच दिसत नव्हतो. इतकी वर्षं मी धरून चालले होते की डोळ्याच्या कोपऱ्यातून तू आमच्यावर नजर ठेवायचीस. तू फक्त विश्वासावर उभी राहायचीस, की पोरं मागे आहेत, सांगितलेल्या जागी आहेत.

मग माणसं केली. धाकट्याने नळाची गळती बुजवायची पुट्टी आणून इमारतीच्या गेटवर ठेवली, लांबूनच हात केला आणि गेला. त्या पुट्टीची तुला केली, नखाएवढी. पाठ करायला मला काहीच वेळ लागला नाही, आई. तुझा अंबाडा, मानेवरून डाव्या बाजूला सुटलेली बट, खोचलेला पदर, एका पायावर जरा जास्त भार. माझ्या बोटांना तुझी पाठ येते. पण फळी भिंतीला लावलेली आहे, क्वार्टर भिंतीकडे आणि रूळ खोलीकडे. म्हणजे खुर्चीत बसले की मी रुळांच्या पलीकडे असते, आणि तू माझ्याकडे तोंड करून उभी. तिथून मी तुला कधी पाहिलंच नव्हतं. गाडी समोरून जात असताना तुझा चेहरा कसा असायचा? तोंड मिटलेलं, की ओठ हलायचे? वाऱ्याने डोळे बारीक करायचीस का? धाकट्याला विचारलं, तो म्हणाला, "मला काय माहीत? मी तुझ्याच बाजूला असायचो." इंजिन चालवणाऱ्यांनी पाहिला असेल तो, आणि त्यांना कुठे शोधणार. मी सुईच्या टोकावर रंग घेतला होता, तो तसाच वाळू दिला. तुझा चेहरा अजून कोराच आहे.

आणि असाच तुझा चेहरा आणखी एका वेळी माझा पाहायचा राहिला. घाटकोपरच्या हॉस्पिटलात तुझी खाट खिडकीशी होती, तूच मागून घेतली होतीस, रूळ दिसतात म्हणून. दुपार होती, धाकटा खाली चहाला गेला होता. तुला त्या दिवशी बरं वाटत होतं. डाळिंब खाल्लंस, बिया दातात अडकतात म्हणून कुरकुर केलीस, मला म्हणालीस, केस नीट बांध, काय पिंजारून ठेवलेस. मग थोडा वेळ वर पंख्याकडे बघत राहिलीस आणि एकदम म्हणालीस, "त्या दिवशी तू शेवग्याखाली उभी होतीस ना, तवा मी..." आणि मालगाडी आली. तू थांबलीस. मीही थांबले. दुसरी कुठलीही मुलगी खाली वाकली असती, काय गं, काय म्हणालीस, असं विचारलं असतं. आपल्यात तशी रीत नव्हती. मी उठून खिडकीशी गेले आणि गाडीकडे तोंड करून उभी राहिले. तेलाच्या टाक्यांची गाडी होती, संपता संपेना. शेवटी गार्डचा डबा आला, त्यामागची पाटी मी नीट पाहिली, वळले आणि म्हटलं, "हं, बोल."

तू माझ्याकडेच बघत होतीस. म्हणजे मी जिथे उभी होते तिकडे, माझ्या पाठीकडे. मी पुन्हा म्हटलं, "गेली गं गाडी. बोल ना." मग मला समजलं. नर्स नंतर म्हणाली, तुम्ही हात धरून बसला असतात तरी काही झालं नसतं, इतकं ते पटकन असतं. ते मला ठाऊक आहे आणि मी त्यावरून स्वतःला कधी कोसलं नाही. तूच शिकवलेलं मी केलं. फक्त गाडीच्या धडधडीत मोठ्याने ओरडून बोलणारी माणसं दिसली, की मला त्यांचा हेवा वाटतो.

त्यानंतर मी ते वाक्य हजार तऱ्हांनी पुरं करून पाहिलं. मुळात कुठला दिवस? मी तर रोजच शेवग्याखाली उभी असायची. बाबा गेल्यानंतर तू पहिल्यांदा फाटक पाडलंस तो दिवस, जेव्हा धाकटा माझ्या कडेवर होता? की नवऱ्याशी जमल्याचं सांगायचं ठरवून मी कॉलेजातून आले आणि तीन गाड्या गेल्या तरी तोंड उघडलं नाही तो? धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, तू उगाच मोठं करतेस. आई म्हणजे काय, शेंगांचंच असणार काहीतरी. 'तवा मी शेंगा काढायला इसरले,' असलं." हसू आलं मला. तसंही असेल. तू काही मोठी वाक्यं बोलणारी बाई नव्हतीस. पण मला मोठं हवं होतं, आई. शेंगांवर मी समाधान मानायला तयार नव्हते.

झाड मागे हलवल्यावर मला एक दिवस आठवला. नववीचा. गणितात नापास झाले होते. प्रगतिपुस्तक घेऊन घरी आले तर फोन वाजलेला, तू चरखी फिरवत होतीस. मी दप्तरासकट शेवग्याखाली उभी राहिले. लांब मालगाडी होती, आणि ती जात असताना मी रडून घेतलं, पोटभर, कारण आवाज कुणाला येणार नव्हता. गार्डचा डबा दिसायच्या आधी फ्रॉकने तोंड खसाखसा पुसलं, नाक पुसलं, सरळ उभी राहिले. रडकं तोंड तुला आवडायचं नाही. तू फाटक उघडलंस, फोन केलास, आलीस आणि म्हणालीस, "हं, बोल." मी म्हटलं, गणित गेलं. तू माझ्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलंस आणि म्हणालीस, "ते मघाशीच कळलं मला. चल, जेवून घे."

मघाशी म्हणजे कधी? त्या वयात मी विचारही केला नाही; आईला कळतं, एवढंच. पुढे कधी आठवलं तर झाड माझ्या मनात नळाजवळ होतं, त्यामुळे तुला बाजूने दिसले असणार असं वाटायचं. पण झाड मागे होतं. रडण्याचा आवाज येणं शक्य नव्हतं, आणि तू आलीस तेव्हा माझं तोंड कोरडं होतं. मी खुर्चीवरून उठले, फळीवर गाल टेकवून तुझ्या डोळ्यांच्या उंचीवरून बघितलं. समोर रूळ, फाटक, रस्ता. शेवगा कुठेही नाही. तुला मी रडताना दिसले असेन तर एकाच तऱ्हेने, गाडी चालू असताना तू मागे वळून बघितलंस. मी फ्रॉकमध्ये तोंड खुपसलेलं असताना. धाकट्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आई आणि गाडी चालू असताना वळेल? शक्यच नाही यार." त्याच्या पायात खिळा घुसला तेव्हा तू वळली नव्हतीस, हे तो अजून विसरलेला नाही.

पण मला वाटतं, तू वळलीस. त्या दिवशी तू शेवग्याखाली उभी होतीस ना, तवा मी मागं वळून बघितलं. असं असेल का गं ते? तुझ्यासाठी ती केवढी मोठी गोष्ट असणार, म्हणून तर इतक्या वर्षांनी सांगायला घेतलीस. कदाचित हे सगळं मी पुट्टी आणि काथ्यातून रचलेलं असेल. तूच सांगितलंस तर खरं. पण तू वळली असशील आणि मी हॉस्पिटलात नाही वळले, एवढं एक दुपारच्या वेळी फार टोचतं. मला तुझी आठवण येते, आई. नुसती येत नाही, भूक लागल्यासारखी येते, आणि तेव्हा मी जाऊन बटण दाबते.

गाड्या केव्हाच सुरू झाल्या. साथ गेली, नातू येऊन फाटक बघून गेला, म्हणाला, "आजीला दाखवायला हवं होतं, पण तिने पुन्हा मोटार जाऊ दिली नसती." खरं क्वार्टर कधीच पाडलं, तिथे आता पूल आहे, त्यामुळे हे पत्र टाकायचं म्हटलं तरी पत्ता नाही. घडी करून ते फळीखालच्या टेबलाच्या खणात राहील. नवराही आता सुधारला आहे. मी खोलीत गाडी सोडलेली असली की तो दारात येऊन थांबतो, आत येत नाही, बोलत नाही. मी बटण बंद केलं की मग विचारतो, "...चहा टाकू का?"

शेवटच्या डब्याची पाटीही मी केली आहे. तांदळाच्या दाण्याएवढी, पत्र्याची, सुईने एल आणि व्ही काढलेली. दोन्ही अक्षरं सरळ आली आहेत, तू नावं ठेवली नसतीस. ती काड्यापेटीत कापसावर ठेवली आहे. नवरा अधूनमधून विचारतो, "एवढी छान पाटी केलीस, लावत का नाहीस?" मी सांगते, गोंद संपलाय, आणेन. पाटी लावली की गाडी पुरी गेली असं होईल, मग मला "हं, बोल" म्हणावं लागेल. ती नाही तोवर गाडी अजून जातेच आहे, आणि तू फक्त थांबली आहेस.

गोंद संपलेला नाही, आई.